घाटकोपरला उतरणारा माणूस आणि टॉरेंटवरचा व्हिडिओ

मोबाईलवर नेट यायच्या आधी ज्यांनी लोकल केलीय त्यांना हे लगेच कळेल. ठाण्याहून सुटणारी सकाळची स्लो, ठरलेला डबा, ठरलेली आठ-दहा टाळकी आणि पेपर विकत घेणारा मात्र एकच. तो टेकला की पेपर सुटा व्हायचा, पहिलं पान एकाकडे, क्रिकेटचं दुसऱ्याकडे, अग्रलेखाचं कोणालाच नको म्हणून ते उभ्या असलेल्या कोणाच्या तरी हातात, आणि मग मुलुंड, भांडुप, कांजूर करत पानं हातोहात फिरायची, दादर येईपर्यंत एकाच पेपरात सगळ्यांचं वाचून झालेलं. आमच्यातला एकजण घाटकोपरला उतरायचा आणि त्याला एक घाणेरडी सवय होती, हातात असेल ते पान घडी घालून खिशात टाकून उतरायचा. त्यामुळे विक्रोळी गेली की सगळे आधी त्याच्याकडचं पान मागायचे. बाकीची काय, कुर्ल्यानंतरही मिळतील.

टॉरेंट नेमकं हेच करतं. ब्रॅम कोहेन नावाच्या माणसाने २००१ साली बिटटॉरेंट बाहेर काढलं त्यातली मेन आयडिया हीच, की फाईल एका सर्व्हरकडून सगळ्यांनी ओढण्यापेक्षा तिचे तुकडे करायचे आणि ज्याला जो तुकडा मिळालाय त्याने तो पुढे द्यायचा. ७०० एमबीचा व्हिडिओ घ्या, २५६ केबीचा एक तुकडा धरला तर २८०० तुकडे होतात. प्रत्येक तुकड्याचा एक ठसा, म्हणजे हॅश, आधीच टॉरेंट फाईलमध्ये लिहिलेला असतो, त्यामुळे तुकडा ब्राझीलमधल्या कुठल्या अनोळखी माणसाकडून आला तरी ठसा जुळला की घ्यायचा, नाही जुळला की फेकून द्यायचा, विश्वास बिश्वास ठेवायची गरजच नाही. आणि कुठला तुकडा आधी मागायचा? जो सगळ्यात कमी लोकांकडे आहे तो. कारण तो ज्याच्याकडे आहे तो कधीही कॉम्प्युटर बंद करून झोपायला जाईल, म्हणजे घाटकोपरला उतरेल. टॉरेंट ९९ टक्क्यांवर येऊन चार दिवस अडकलेलं ज्यांनी बघितलंय त्यांना खिशात गेलेल्या त्या पानाची किंमत वेगळी सांगायला नको.

दुसरा नियम जशास तसं. तू मला देतोस तर मी तुला देतो. तुमचं सॉफ्टवेअर दर १० सेकंदांनी हिशोब करतं की कोणाकडून आपल्याला जास्त स्पीड मिळतोय आणि त्या मोजक्या लोकांनाच माल पाठवतं, बाकीच्यांना थांबा म्हणतं. फक्त दर ३० सेकंदांनी एखाद्या अनोळखी माणसाला उगाचच चान्स दिला जातो, कारण जो आत्ताच आलाय त्याच्याकडे द्यायला काहीच नसतं, त्याला बोहनी कोण करून देणार.

इथपर्यंत झालं डाऊनलोडचं. रात्री लावून झोपायचं, सकाळी फाईल तयार, मधे तुकडे कुठल्याही क्रमाने आले तरी कोणाचं काय जातंय. गोची होते ती फाईल उतरत असतानाच बघायची असेल तेव्हा. क्यूबिटटॉरेंट नावाच्या टॉरेंटच्या सॉफ्टवेअरमध्ये खाली एक आडवी पट्टी दिसते, आलेले तुकडे तिच्यात निळ्या बारीक रेघांनी भरत जातात. साधं डाऊनलोड चालू असताना ती पट्टी बघा, पाऊस सुरू होताना फुटपाथवर कसे थेंब पडतात तशा रेघा उमटतात, इथे एक, तिथे एक, शेवटाकडे झुपका. अर्धी फाईल आलेली असते आणि तरी पहिलं एक मिनिट सलग बघता येत नाही. आपला ७०० एमबीचा व्हिडिओ दीड तासाचा असेल तर ५४०० सेकंदांत २८०० तुकडे लागणार, म्हणजे साधारण दर दोन सेकंदाला एक तुकडा, आणि तोही कुठलाही चालणार नाही, नेमका पुढचाच पाहिजे.

मग सोप्पं आहे, क्रमानेच मागवा ना! तशी सोय असते, सिक्वेन्शियल डाऊनलोड म्हणून एक टिक करायचा पर्याय मिळतो. पण सगळ्यांनी तसं केलं तर काय होतं बघा. मी चाळिसाव्या मिनिटाला आहे, तुम्ही दहाव्या. तुमच्याकडे जे आहे ते सगळं माझं बघून झालंय, म्हणजे मला देण्यासारखं तुमच्याकडे काहीच नाही, तुम्हाला मात्र माझ्याकडचं सगळं हवंय. जशास तसं तिथेच बोंबललं. सगळा ओढा एकाच दिशेला, पुढच्याकडून मागच्याकडे, आणि सगळ्यात पुढे असलेल्या दोन-चार सीडरवर, म्हणजे अख्खी फाईल हातात असलेल्यांवर, सगळ्या गर्दीचा लोड. त्यात फाईलच्या शेवटचे तुकडे फारच थोड्या लोकांकडे पोचतात, ती माणसं उठून गेली की पिक्चरचा क्लायमॅक्स गायब.

तर खरी भानगड ही आहे. मला आत्ता काय पाहिजे आणि सगळ्यांचं चालू राहायला काय पाहिजे, ही दोन उत्तरं वेगळी येतात, आणि टॉरेंटवर व्हिडिओ बघण्यासाठी जी काही हुशारी लोकांनी लढवलीय ती सगळी या दोघांत तडजोड करण्याची आहे. सर्वसाधारण तोडगा खिडकीचा. तुम्ही जिथे बघताय तिथून पुढची थोडी मिनिटं म्हणजे खिडकी, तिच्यातले तुकडे क्रमाने आणि घाईने मागवायचे, खिडकीच्या बाहेरचे मात्र जुन्या पद्धतीने, दुर्मिळ आधी. तुम्ही बघत पुढे सरकता तशी खिडकीही सरकते. देवाणघेवाणीच्या घोळावर नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या लोकांनी २००८ मध्ये एक छान उपाय मांडला, गिव्ह टू गेट. त्यात तू मला काय दिलंस हे बघतच नाहीत, मी दिलेलं तू पुढे किती जणांना वाटलंस ते बघतात, आणि हे तुलाच विचारलं तर तू फेकणार म्हणून ज्यांना मिळालं त्यांना विचारतात! आमच्या डब्यात हाच कायदा असता तर घाटकोपरवाल्याला दुसऱ्या दिवशी पान मिळालंच नसतं.

एक बारीक गंमत सांगायची राहिली. क्यूबिटटॉरेंटमध्येच पहिला आणि शेवटचा तुकडा आधी आणा असाही पर्याय असतो. शेवटचा कशाला? तर एमपीफोर फाईलमध्ये कुठली फ्रेम कुठे आहे याची जी यादी असते ती बऱ्याचदा फाईलच्या शेपटाला चिकटवलेली असते, ती हातात आल्याशिवाय प्लेअर सुरूच होत नाही. पुस्तकाची अनुक्रमणिका मागच्या पानावर छापावी तसा प्रकार.

आता कोणी म्हणेल हे सगळं फुकट्या पिक्चरवाल्यांचं. चोरीचा पिक्चर चोरीचाच, त्यात वाद नाही, पण तंत्राचा काय दोष. स्पॉटिफाय सुरुवातीची बरीच वर्षं याच तंत्रावर चालायचं. त्यांच्याच इंजिनियरने २०१० साली लिहिलेल्या पेपरप्रमाणे वाजणाऱ्या गाण्यांचा फक्त ८.८ टक्के डेटा कंपनीच्या सर्व्हरवरून जात होता, ५५.४ टक्के ऐकणाऱ्याच्या स्वतःच्या कॉम्प्युटरवर आधीच साठलेला असायचा आणि ३५.८ टक्के इतर ऐकणाऱ्यांकडून यायचा. युक्ती अशी की गाण्याची सुरुवात सर्व्हरकडून घ्यायची म्हणजे क्लिक केलं की लगेच वाजतं, ते वाजेपर्यंत उरलेलं कोणाकडे आहे ते शोधायचं, आणि मधेच साठा संपत आला तर परत सर्व्हरकडे धाव. २०१४ मध्ये त्यांनी हे बंद केलं, सर्व्हर परवडायला लागले होते.

लाईव्हची तऱ्हा अजून न्यारी. पिक्चर निदान अख्खा तयार असतो, मॅचचा पुढचा बॉल तर अजून टाकलेलाच नसतो, साठवून काय ठेवणार. तरी चीनमध्ये हे जमवलं होतं. पीपीलाईव्ह नावाचं सॉफ्टवेअर, वुहानच्या विद्यापीठातल्या एका विद्यार्थ्याने सुरू केलेलं, त्यावर २८ जानेवारी २००६ ला, म्हणजे चिनी नववर्षाच्या आदल्या रात्री, २ लाखांवर लोक एकाच वेळी बघत होते. प्रत्येकाला ४०० ते ८०० किलोबिटचा प्रवाह, म्हणजे एकूण १०० गिगाबिटच्या आसपास, तेव्हाच्या मानाने राक्षसी आकडा, आणि त्यातला बहुतेक भार बघणाऱ्यांनीच एकमेकांचा वाहिला. फक्त एक दुखणं होतं. तुकडा या हातातून त्या हातात जाताना उशीर साचत जातो, त्यामुळे कोणी पुढे तर कोणी मिनिटभर मागे. आमच्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर केबल आहे आणि आम्ही मोबाईलवर बघतो, खालून "आऊट" ओरडलं की आमच्याकडे बॉलर अजून रनअपला वळत असतो, आणि हा तर साध्या सर्व्हरवरच्या स्ट्रीमिंगचा उशीर. दहा हात फिरून आलेला बॉल म्हणजे खालच्यांचं विकेटचं सेलिब्रेशन उरकून चहा ठेवलेला.

१९ नोव्हेंबर २०२३ च्या वर्ल्ड कप फायनलला हॉटस्टारवर एका क्षणी ५.९ कोटी लोक होते. प्रत्येकाला २ मेगाबिट धरा, ११८ टेराबिट दर सेकंदाला होतात. एवढा माल एका ठिकाणाहून पाठवणं अशक्यच, म्हणून शहरोशहरी, नेट पुरवणाऱ्यांच्या आवारातच सर्व्हर मांडून ठेवलेले असतात आणि तुम्हाला जवळच्याकडून मिळतं. याला सीडीएन म्हणतात, आणि खरं सांगायचं तर एकमेकांना वाटण्याच्या पद्धतीशी असलेली लढाई यानेच जिंकली.

कारणं अगदी घरगुती आहेत. २ मेगाबिटने तासभर बघितलं की ९०० एमबी जातात, तेवढंच दुसऱ्याला पाठवायचं तर अजून ९००, आणि रोजचा पॅक दीड जीबीचा. बॅटरी वेगळीच. शिवाय मोबाईल कंपनी हजारो फोनना मिळून इंटरनेटवरचा एकच बाहेरचा पत्ता देते. मोठ्या कॉम्प्लेक्सच्या गेटवर वॉचमन असतो ना, आतला माणूस बाहेर गेला की परत येऊ देतो, पण बाहेरून कोणी "आत एकजण राहतो, त्याच्याकडे जायचंय" एवढंच म्हणाला तर हाकलून लावतो, तसं. दोघांनी एकाच वेळी आतून बाहेर हाक मारली तर कधीकधी रस्ता उघडतो, ब्राउझरमधलं वेबआरटीसी असंच काहीतरी करतं आणि पीअरट्यूबसारख्या साईट्स त्यावर बघणाऱ्यांकडून बघणाऱ्यांना व्हिडिओ पोचवतात, पण दोन्हीकडचे वॉचमन कडक असले की तेही जमत नाही.

परवा मॅच चालू असताना संध्याकाळच्या गाडीत होतो. समोरासमोरच्या बाकांवर आम्ही आठजण, चौथी सीट धरून, सहा जणांच्या हातात तीच मॅच. एकाच टॉवरवरून तोच बॉल सहा वेळा उतरत होता, सहा वेगवेगळ्या पॅकमधून, खांद्याला खांदा लागलेला असताना. सायनच्या पुढे माझी गोल गोल फिरायला लागली. शेजारच्याच्या मोबाईलवर व्यवस्थित चालू होती, मी मान वाकडी करून त्याच्यात बघितलं, त्याने न बोलता फोन थोडा माझ्याकडे तिरका केला.