केंद्र-राज्य कायद्यांतील विसंगती

केंद्र-राज्य कायद्यांतील विसंगती : समवर्ती सूचीतील (केंद्र व राज्ये दोघांनाही कायदे करता येतील अशा विषयांच्या यादीतील) एकाच विषयावर संसद व राज्य विधानमंडळ या दोघांनीही कायदे केले आणि ते एकमेकांशी जुळेनासे झाले, म्हणजे उद्‌भवणारी स्थिती. वकिली बोलण्यात ‘रिपग्नन्सी’ हाच शब्द रुळला आहे. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २५४ नुसार अशा वेळी संसदेचा कायदा चालतो आणि राज्याचा कायदा विसंगतीपुरता शून्य ठरतो. कोणता आधीचा, कोणता नंतरचा, हे पाहिले जात नाही. राज्याचा नंतरचा कायदा राष्ट्रपतींच्या विचारार्थ राखून ठेवलेला असेल व त्याला अनुमती मिळाली असेल, तर मात्र त्या राज्यापुरता तोच वरचढ ठरतो.

या तरतुदीचे मूळ ऑस्ट्रेलियाच्या राज्यघटनेतील (१९०१) कलम १०९ मध्ये शोधले जाते. तत्त्व तेथलेच म्हणता येईल. पण शब्दरचना पाहता १९३५ च्या भारत सरकार कायद्याचे कलम १०७ हाच जवळचा पूर्वज मानणे अधिक सयुक्तिक. ऑस्ट्रेलियाच्या कलमात अनुमतीची सोय नाही. कलम १०७ मध्ये ती आहे, फक्त राष्ट्रपतींच्या जागी गव्हर्नर जनरल किंवा सम्राट. कॅनडातील एका वादात प्रिव्ही कौन्सिलने (ब्रिटिश साम्राज्याचे लंडनमधील सर्वोच्च अपील न्यायालय) १८९६ मध्ये म्हटले होते की, डोमिनियन संसदेचा, म्हणजे तेथील केंद्रीय संसदेचा, कायदा प्रांतिक कायद्यावर मात करील, पण प्रांतिक कायदा थेट रद्द करण्याचा अधिकार तिला नाही. कलम १०७ खालीही स्थिती बहुधा तशीच होती. अनुच्छेद २५४(२) ला परंतुक (मूळ नियमाला मर्यादा घालणारी पुरवणी) जोडून संविधानाने ही उणीव भरून काढली : अनुमती मिळालेल्या राज्य कायद्यातही संसद भर घालू शकते, त्यात बदल करू शकते किंवा तो निरसित, म्हणजे रद्द, करू शकते.

सर्वोच्च न्यायालयापुढे १९५४ मध्ये हा मुद्दा आला तो ज्वारीवरून. तेव्हाच्या मुंबई राज्यातील खांजरोलीहून मांडवीला (आज दोन्ही गुजरातेत) परवान्याविना ज्वारी नेल्याबद्दल एकाला शिक्षा झाली होती. १९४६ च्या केंद्रीय अत्यावश्यक पुरवठा कायद्यातली शिक्षा मुंबईच्या १९४७ च्या कायद्याने सात वर्षांपर्यंत वाढवली होती व त्याला गव्हर्नर जनरलची अनुमतीही होती. आरोपीचा युक्तिवाद मासलेवाईक होता : आपल्याला लागू होतो तो मुंबईचा कडक कायदाच, आणि एवढ्या शिक्षेचा गुन्हा चालवण्याचा अधिकार दंडाधिकाऱ्याला नाही! न्यायालयाने तो मानला नाही. १९५० मध्ये संसदेने शिक्षांची नवी व्यवस्था लावली तेव्हाच मुंबईची तरतूद, तसे स्पष्ट न म्हणताही, निरसित झाली होती.

विसंगती ओळखण्याच्या कसोट्या करुणानिधी खटल्यात (१९७९) एकत्र आल्या. दोन तरतुदींत थेट विरोध हवा, त्यांचा मेळ बसणे अशक्य हवे. दोन्ही आज्ञा एकदम पाळता येत असतील तर विसंगती मानायची नाही. तमिळनाडूच्या कायद्याने निराळेच अपराध निर्माण केले होते, म्हणून तेथे ती आढळली नाही. याखेरीज ‘व्याप्त क्षेत्र’ ही कसोटी आहे : संसदेने एखाद्या विषयाची संपूर्ण संहिता केली असेल, तर थेट विरोध नसूनही राज्याला जागा उरत नाही.

खरा वाद व्याप्तीचा. अनुच्छेद २५४(१) मधील ‘समवर्ती सूचीतील बाबीसंबंधी’ हे शब्द फक्त ‘विद्यमान कायद्या’ला (संविधानापूर्वीपासून चालत आलेल्या कायद्याला) लागू होतात की संसदेच्या कायद्यालाही? पहिला अन्वय धरला तर संघ सूचीतील कायदाही येथे ओढला जातो. बिहारच्या विक्रीकर अधिभाराच्या प्रकरणात (१९८३) न्यायालयाने दुसरा अन्वय स्वीकारला, आणि तोच पटण्याजोगा आहे. संघ सूची व राज्य सूची यांतील कायदे भिडले तर प्रश्न विसंगतीचा नसून अधिकाराचा असतो. तो अनुच्छेद २४६ खाली, कायद्याचा खरा गाभा कोणता हे पाहून सोडवतात. मुंबईच्या दारूबंदी कायद्याच्या निकालात (१९५१) तसेच झाले.

अनुमती सरसकट नसते. मुंबई भाडे नियंत्रण कायद्याच्या मुदतवाढीला राष्ट्रपतींची अनुमती होती. पण ती मागताना १९७१ च्या सार्वजनिक जागांविषयीच्या केंद्रीय कायद्याचा उल्लेखच नव्हता. तेव्हा त्या कायद्यापुढे राज्याचा कायदा टिकणार नाही, असे घटनापीठाने २००२ मध्ये ठरवले. अनुमती मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच दिली जाते. त्यामुळे राज्याचा अपवाद अखेर केंद्र सरकारच्याच हाती राहतो, हे भाष्यांमध्ये सहसा ओझरते येते.

परंतुकाचा ठळक वापर गृहनिर्माणात दिसतो. महाराष्ट्राच्या २०१२ च्या गृहनिर्माण कायद्याला अनुमती मिळालेली होती. संसदेने २०१६ च्या रेरा (स्थावर संपदा नियमन व विकास) कायद्यातील कलम ९२ ने तो नाव घेऊन निरसित केला. पश्चिम बंगालचा २०१७ चा कायदा बराचसा रेराचीच नक्कल होता, पण अनुमतीविना. न्यायालयाने तो २०२१ मध्ये घटनाबाह्य ठरवला.

बैलगाडा शर्यतींचा प्रवास उलट दिशेने झाला. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याशी विसंगत म्हणून तमिळनाडूचा जल्लीकट्टू कायदा २०१४ मध्ये रद्द झाला, त्याच निकालाने महाराष्ट्रातील बैलगाडा शर्यतींचे घाट व शंकरपटही बंद पडले. २०१७ मध्ये दोन्ही राज्यांनी, तसेच कर्नाटकाने, केंद्रीय कायद्यातच राज्यापुरती दुरुस्ती करून राष्ट्रपतींची अनुमती घेतली. १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने या दुरुस्त्या वैध ठरवल्या.