दहापर्यंत म्हणतो, पण तीन देता येत नाहीत

तीन वर्षांचं मूल पाहुण्यांसमोर घडाघडा दहापर्यंत अंक म्हणून दाखवतं आणि घरादाराला त्याचं कोण कौतुक! कौतुक करावंच. मग त्याच मुलापुढे बटणांचा ढीग ठेवून "मला तीन बटणं दे" असं म्हणून बघा. बऱ्याचदा ते हाताला येतील तेवढी बटणं उचलतं, तुमच्या हातावर ठेवतं आणि काम फत्ते केल्याच्या थाटात तुमच्याकडे बघतं.

मानसशास्त्रज्ञ कॅरेन विन यांनी १९९० मध्ये लहान मुलांची समज जोखायला हाच 'दे' म्हणण्याचा खेळ वापरला. त्यातून दिसलं ते असं, की मुलाला आधी फक्त 'एक' कळतो. या टप्प्यावर दोन मागा किंवा पाच मागा, ते मूठभरच देतं. पण एकच मात्र सहसा देत नाही. म्हणजे 'दोन' हा 'एक' नव्हे, एवढं त्याला ठाऊक असतं. काही महिन्यांनी 'दोन' पक्का होतो, मग 'तीन'. असा एकेक आकडा रखडत पुढे सरकतो आणि मग एकदम उडी बसते: मोजून कितीही देता येतं, हे मुलाला उमगतं. साधारण साडेतीन-चार वर्षांच्या आसपास हे घडतं, पण मुलामुलांत फरक बराच असतो. शेजारच्या मुलीला जमतं म्हणून आपल्या पोराच्या मागे लागू नये.

मोजणं वरवर सोपं दिसतं, पण त्यात बरंच काही एकाच वेळी सांभाळावं लागतं. रोशेल गेलमन आणि रँडी गॅलिस्टल यांनी १९७८ मध्ये त्याचे नियम मांडले. प्रत्येक वस्तूला एकच अंक द्यायचा. अंकांचा क्रम दर वेळी तोच ठेवायचा. शेवटी उच्चारलेला अंक म्हणजे सगळ्या वस्तू मिळून किती, त्याचं उत्तर. शिवाय सुरुवात कुठूनही केली तरी उत्तर तेच येतं आणि मोजायला कुठल्याही वस्तू चालतात. हे नियम मुलांना सुरुवातीपासूनच उमगलेले असतात, असं त्या दोघांचं मत होतं. विन यांच्या निरीक्षणांशी ते जुळत नाही.

मुलं खरी अडकतात ती तिसऱ्या नियमापाशी. पाच चमचे मांडून "किती आहेत?" विचारलं की मूल बोट ठेवत बरोबर मोजतं, "एक, दोन, तीन, चार, पाच." "मग किती झाले?" ते पुन्हा पहिल्या चमच्यावर बोट ठेवतं, "एक, दोन..." तिसऱ्यांदा विचारा, तिसऱ्यांदा मोजेल. हा हट्ट नव्हे. 'किती' म्हटलं की मोजायला लागायचं, एवढाच त्याचा अर्थ त्याला लागलेला असतो.

यावर उपाय काय? केली मिक्स आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये साधारण साडेतीन वर्षांच्या मुलांवर एक प्रयोग केला. काहींना फक्त मोजून दाखवलं, काहींना फक्त संख्या सांगितली. फायदा दिसला तो मात्र दोन्ही लागोपाठ ऐकलेल्या मुलांना: "बघ, तीन कुत्रे! एक, दोन, तीन." आधी एकूण संख्या आणि लगेच मोजणी, यामुळे दोन्हींतला धागा मुलाच्या हाती लागत असावा. माझ्या मते पालकांनी उचलावी अशी ही सर्वांत सोपी युक्ती आहे, कारण तिला ना तक्ता लागतो ना ॲप.

कोणत्या वस्तू घ्यायच्या? समोर दिसणाऱ्या आणि हात लावता येणाऱ्या. मोजलेली वस्तू उचलून बाजूला ठेवायला लावलं की तीच दोनदा मोजण्याची किंवा एखादी सुटून जाण्याची चूक कमी होते. चित्रातले ठिपके नंतर. सुरुवात दोन-तीनपासून बरी, कारण एवढ्या वस्तू न मोजताही नजरेला कळतात आणि उत्तर पडताळता येतं. पण तिथेच थांबूही नये. एलिझाबेथ गंडरसन आणि सुसन लेव्हिन यांच्या २०११ च्या अभ्यासात, समोरच्या चार ते दहा वस्तूंविषयी आईवडील जितकं जास्त बोलत, तितकी त्यांच्या मुलांची संख्येची समज पुढे चांगली आढळली.

बाकी 'मोजून दाखव' हा हुकूम थोडा कमी करून 'दे' जास्त वापरावा: चार ठोकळे दे, दोन मोजे आण. ठोकळे पाच आले तर "चूक" म्हणायची घाई नको. "चला, बघू या किती आलेत" म्हणून दोघांनी मिळून मोजावं आणि जास्तीचा कुठला काढायचा ते मुलालाच ठरवू द्यावं.