नॅरोबोट भ्रमंती

इंग्लंडमधील जुन्या मालवाहू कालव्यांवरून आणि त्यांना जोडलेल्या नद्यांवरून लांब, अरुंद बोटीत राहून केलेला संथ प्रवास. इथे बोट हेच वाहन आणि बोट हेच घर. कोणी आठवडाभरासाठी बोट भाड्याने घेतो, तर कोणी निवृत्तीनंतर घर विकून वर्षानुवर्षे पाण्यावरच राहतो. दोघांनी, विशेषतः नवरा-बायकोने मिळून करायचा प्रवास म्हणून तो रुजला. याला हौस कारण आहेच, पण बोट आणि लॉक (पाणी भरून किंवा सोडून बोट वर-खाली नेणारा, दोन्ही टोकांना दरवाजे असलेला हौद) यांची रचनाही कारण आहे.

हे कालवे शेतीला पाणी देण्यासाठी खोदलेले नाहीत. त्यांतले पाणी जवळजवळ स्थिर असते. कोळसा, चिनीमाती, धान्य असा माल कारखान्यांपर्यंत नेण्यासाठी अठराव्या शतकात ते खणले गेले. १७६१ साली सुरू झालेल्या ब्रिजवॉटर कालव्याने मँचेस्टरला स्वस्त कोळसा मिळाला आणि देशभर कालव्यांची लाट आली. जेम्स ब्रिंडली या अभियंत्याने ट्रेंट अँड मर्सी कालव्यासाठी लॉकची रुंदी सुमारे ७ फूट आणि लांबी ७२ फूट धरली. अरुंद लॉक बांधायला स्वस्त पडतो आणि त्याला पाणीही कमी लागते. मिडलँड्स म्हणजे मध्य इंग्लंडमधल्या अनेक कालव्यांनी हेच माप उचलले. आजच्या नॅरोबोटीची ६ फूट १० इंच रुंदी तिथूनच आली आहे. उत्तरेकडील काही लॉक लांबीला तोकडे असल्याने सगळीकडे फिरू इच्छिणारे साधारण ५७ फुटांची बोट निवडतात.

रेल्वे आल्यावर बोटींच्या मालवाहतुकीचे दर घसरले. मजूर ठेवणे परवडेना म्हणून नावाड्यांनी बायकामुलांनाच बोटीवर आणले. मागच्या बाजूच्या जेमतेम दहा फुटांच्या खोलीत अख्खे कुटुंब राहत असे. चूल, घडीचा पलंग, पितळी कड्या आणि दारांवर रंगवलेले गुलाब व किल्ले, सगळे तेवढ्यात. पाण्यावरच्या आजच्या सुबक संसाराची मुळे या कष्टात आहेत, हे विसरू नये. १९६२-६३ च्या कडक हिवाळ्यात कालवे गोठले आणि उरलासुरला व्यापारही मोडला. ॲथरस्टोनहून साउथऑलच्या जॅम कारखान्याला कोळसा नेणारी शेवटची नियमित दूर पल्ल्याची फेरी १९७० मध्ये थांबली.

तोवर कालव्यांना दुसरे आयुष्य मिळू लागले होते, आणि त्याची सुरुवात एका जोडप्याच्या प्रवासातून झाली. जुलै १९३९ मध्ये लेखक एल. टी. सी. रोल्ट आणि त्यांची नवपरिणीत पत्नी अँजेला हे बॅनबरीच्या टूलीज बोटयार्डमध्ये सजवलेल्या ‘क्रेसी’ या बोटीतून निघाले. त्या प्रवासावरचे रोल्ट यांचे पुस्तक १९४४ मध्ये प्रसिद्ध झाले. ते वाचून लेखक रॉबर्ट एकमन यांनी रोल्ट यांना पत्र लिहिले, आणि १९४६ मध्ये इनलँड वॉटरवेज असोसिएशन उभी राहिली. बुजवायला निघालेले अनेक कालवे पुढे या संस्थेच्या आणि स्वयंसेवकांच्या रेट्यामुळे वाचले. २०१२ पासून इंग्लंड व वेल्समधील सुमारे ३,२०० किलोमीटर जलमार्ग कॅनल अँड रिव्हर ट्रस्ट हा न्यास सांभाळतो.

कालव्यावर वेगमर्यादा ताशी ४ मैल आहे, पण प्रत्यक्षात तेवढाही वेग क्वचितच धरता येतो. पाणी उथळ असते. इंजिन जोरात चालवले की बोटीचा मागचा भाग खाली बसतो, लाटा काठ पोखरतात आणि वेग मात्र वाढत नाही. बांधलेल्या बोटींजवळून आणखी हळू जावे लागते, नाहीतर आतल्यांच्या कपांतला चहा सांडतो आणि जमिनीत ठोकलेल्या खुंट्या उपटून निघतात.

खरे काम लॉकवर असते. चढाच्या लॉकमध्ये बोट खालच्या दरवाजातून आत शिरते. दरवाजा लावून घेतला की काठावरचा माणूस विंडलास हे लोखंडी हँडल दंतचक्राच्या दांड्यावर बसवून फिरवतो. झडप वर उचलली जाते, वरच्या पातळीचे पाणी आत येते आणि बोट वर चढू लागते. झडप एकदम पूर्ण उघडली तर बोट पुढेमागे आपटते, म्हणून आधी अर्धी उघडायची, वाट पाहायची, मग उरलेली. दोन्हीकडचे पाणी समपातळीत आल्याखेरीज दरवाजा कितीही जोर लावला तरी हलत नाही. आल्यावर लांब लाकडी तुळईला पाठ टेकून रेटले की तो सावकाश उघडतो. उतरताना धोका वेगळा असतो. वरच्या दरवाजाखाली दगडी उंबरा असतो, त्याची कड भिंतीवर पांढऱ्या रेषेने दाखवलेली असते. बोटीचा मागचा भाग त्या रेषेच्या पुढे ठेवला नाही, तर तो उंबऱ्यावर अडकतो आणि पुढचा भाग पाण्याबरोबर खाली जाऊन बोट बुडू शकते. काठावरच्याने हे पाहायचे आणि काही बिघडताच झडप बंद करायची. इंजिनाच्या आवाजात बोललेले ऐकू येत नाही, त्यामुळे खुणा आधीच ठरवलेल्या बऱ्या.

नवरा सुकाणूवर आणि बायको दरवाजे ढकलतेय हे दृश्य कालव्यांवर सर्रास दिसते. खरे तर ताकद दरवाजाला लागते, सुकाणूला लागतो तो अंदाज. टिलर (सुकाणूचा दांडा) डावीकडे ढकलला की बोट उजवीकडे वळते, आणि वळते तीही मधोमध फिरून. ही सवय कोणालाही दोनेक दिवसांत जडते. दोघांनी दोन्ही कामे शिकून आलटून पालटून करावीत, हाच शहाणपणा. एक जण पाण्यात पडला तर दुसऱ्याला इंजिन थांबवता आलेच पाहिजे.

प्रवासाचा हिशेबही लॉक धरूनच करतात. मैल आणि लॉक यांची बेरीज करून तिला तीनने भागले की साधारण तास निघतात. ‘फोर काउंटीज रिंग’ हा लोकप्रिय फेरा ११० मैलांचा आणि ९४ लॉकचा आहे, म्हणजे सुमारे ६८ तास. आठवड्यात तो उरकायचा तर रोज जवळजवळ दहा तास चालावे लागते. निवांत फिरायचे असेल तर दोन आठवडे हवेत.

नवख्या जोडप्याला ऑक्सफर्ड कालव्याचा दक्षिण भाग मानवतो. १७९० मध्ये ऑक्सफर्डपर्यंत पोहोचलेला हा कालवा खर्च वाचवण्यासाठी जमिनीच्या समपातळी रेषेने नेला आहे. नॅप्टन आणि क्लेडन या गावांच्या दरम्यानचे सुमारे अकरा मैल एकही लॉक लागत नाही, पण वळणे अशी की वर्मलेटनजवळ कालवा टेकडीला जवळजवळ प्रदक्षिणाच घालतो. नॅप्टनची पवनचक्की कधी समोर, कधी पाठीमागे दिसत राहते. बॅनबरीच्या खाली लाकडी उचलपूल आहेत, आणि शेवटी ड्यूक्स कट या जोडकालव्यातून किंवा आयसिस लॉकमधून थेम्स नदीत उतरता येते.

नदीचे गणित निराळे. थेम्सला प्रवाह आहे, बोट रोखायला नांगर लागतो, आणि परवानाही वेगळा, एन्व्हायर्न्मेंट एजन्सीचा. बऱ्याच लॉकवर रखवालदार असतात. पाऊस झाल्यावर लॉकवर लाल फलक लागला, की प्रवाह जोराचा आहे असे समजून बोट बांधून ठेवावी. अशा वेळी पुढे जाण्याचा हट्ट जिवावर बेततो.

बोटीवरचा संसार मोजूनमापून चालतो. पाण्याची टाकी ठरावीक नळांवर भरायची, शौचालयाची पेटी ठरलेल्या जागी रिकामी करायची, इंजिन आणि सौरपट्ट्यांवर बॅटऱ्या भरायच्या, थंडीत कोळशाची शेगडी पेटती ठेवायची. बोट ढकलणाऱ्या पाण्याखालच्या पंख्यात चिंधी किंवा प्लास्टिक अडकले तर इंजिन बंद करून मागच्या झाकणातून हात घालून ते काढायचे. बोट चालवायला व्यक्तिगत परवाना लागत नाही. बोटीला मात्र परवाना, विमा आणि सुरक्षा प्रमाणपत्र हवे. कायमची जागा नसलेल्या बोटीने १९९५ च्या कायद्यानुसार सामान्यतः १४ दिवसांपेक्षा जास्त एका ठिकाणी थांबायचे नाही.

टिमथी वेस्ट आणि प्रुनेला स्केल्स या अभिनय क्षेत्रातील दांपत्याच्या कालवा-प्रवासांची मालिका २०१४ पासून ब्रिटिश दूरचित्रवाणीवर दाखवली गेली. प्रुनेला यांची स्मृती तेव्हा विरत चालली होती. कालवे सुंदर असतात हे इतर कार्यक्रमही दाखवतात. आजारपणातही दोघांना मिळून करता येईल असे काम इथे उरते, हे या मालिकेने दाखवले.

नोव्हेंबर ते मार्च या काळात दुरुस्तीसाठी अनेक लॉक रिकामे करतात, त्यामुळे लांबचा बेत एप्रिलनंतरचाच ठेवावा. उन्हाळ्यात पाण्याची अडचण येते: अरुंद लॉक एकदा वापरला की सुमारे २५ ते ३० हजार गॅलन पाणी खाली जाते आणि ते वरच्या जलाशयांतून भरून काढावे लागते. २०२५ मध्ये पाऊस कमी झाल्याने लीड्स-लिव्हरपूलसह अनेक कालव्यांचे भाग बंद ठेवावे लागले. म्हणून निघण्यापूर्वी ट्रस्टच्या बंदच्या सूचना पाहाव्यात, आणि दोन बोटी मावणाऱ्या रुंद लॉकमध्ये मागून येणाऱ्या बोटीसाठी थांबून दोन्ही बोटींनी एकदमच जावे.