साऊंड सिस्टीम : अस्सल आणि बाजारू या वादाची मुळं

रेगे हे जमैकाचं संगीत आणि डब हे त्याचंच ड्रम-बेसवर भर देणारं रूप; या जगात एक भांडण वर्षानुवर्षं चालू आहे. एखाद्या साऊंड सिस्टीमच्या, म्हणजे मोठे स्पीकर लावून तबकड्या वाजवणाऱ्या चमूच्या, मागे कंपनीचा फलक दिसला, एखाद्या गायकानं परदेशी कंपनीशी करार केला, की 'विकले गेले' अशी ओरड होते. आधी सगळं निर्मळ होतं आणि धंदा नंतर शिरला, असं त्या ओरडण्यात गृहीत धरलेलं असतं. जमैकाचा इतिहास मात्र वेगळं सांगतो.

जमैकाच्या राजधानीत, किंग्स्टनमध्ये, १९५० च्या सुमारास साऊंड सिस्टीम उभ्या राहिल्या त्या बऱ्याच अंशी दुकानदारांच्या हातून. 'टॉम द ग्रेट सेबॅस्टियन' या गाजलेल्या सिस्टीमचे मालक टॉम वाँग हार्डवेअरचं दुकान चालवत. दुसऱ्या सिस्टीमचे मालक ड्यूक रीड पूर्वी पोलिसात होते, नंतर त्यांनी दारूचं दुकान काढलं. क्लबात वाद्यवृंद ऐकायला जाणं गरीब वस्तीतल्या माणसांना परवडत नव्हतं. म्हणून मोकळ्या अंगणात स्पीकरचे खोके रचायचे, अमेरिकेहून आणलेल्या रिदम अँड ब्लूजच्या तबकड्या वाजवायच्या, दारात पैसे घ्यायचे आणि आत बिअर विकायची. नाच जितका रंगेल तितकी बिअर खपे.

गर्दी खेचण्याच्या चढाओढीतूनच अस्सलपणाची पहिली कसोटी तयार झाली : दुसऱ्याकडे नाही ते आपल्याकडे हवं. रीड यांचे प्रतिस्पर्धी सिस्टीम-मालक कॉक्सन डॉड तबकड्यांवरची लेबलं खरवडून टाकत, म्हणजे गाणं कोणाचं ते प्रतिस्पर्ध्याला कळू नये. 'कॉक्सन हॉप' या नावानं ते जी धून वाजवत, ती मुळात विलिस जॅक्सन या अमेरिकन सॅक्सोफोनवादकाची होती. रीड यांनी ती अखेर हुडकून काढली आणि डॉड यांच्यासमोरच वाजवली. म्हणजे ज्या धुनेवर एका सिस्टीमची ओळख उभी होती, ती धूनच उसनी होती. पण लोकांना त्याचं काही वाटत नव्हतं. तबकडी आवडली तर ते थांबत, नाही आवडली तर शेजारच्या अंगणाकडे चालू लागत. माझ्या मते या संस्कृतीचं अस्सलपण त्या उठून जाण्याच्या हक्कात होतं.

अमेरिकेतली आवड बदलली, हव्या तशा तबकड्या मिळेनात, तेव्हा याच मालकांनी स्थानिक गायक-वादकांना घेऊन ध्वनिमुद्रण सुरू केलं. १९६३ मध्ये डॉड यांचा स्टुडिओ वन उभा राहिला. वादकांना ठरावीक मोबदला मिळे, गाण्याची मालकी मात्र निर्मात्याकडे राही. पुढच्या असंख्य तक्रारींचं मूळ इथे आहे, आणि त्या तक्रारी खऱ्या आहेत.

डबची गोष्ट तर याहून बोलकी आहे. साठच्या दशकाच्या अखेरीस स्पॅनिश टाउनचे सिस्टीम-मालक रडी रेडवूड यांच्यासाठी तबकडी कापताना गायकाचा आवाज चुकून राहून गेला. त्यांनी ती तशीच वाजवली आणि गर्दीच गाऊ लागली. निर्मात्यांना यातली बचत लगेच कळली, कारण तबकडीच्या मागच्या बाजूला त्याच गाण्याचं आवाजाविना रूप, म्हणजे 'व्हर्जन', टाकलं की दुसरं गाणं मुद्रित करायला नको. त्या काटकसरीचं कलेत रूपांतर केलं किंग टबी यांनी. ऑसबोर्न रडॉक हे त्यांचं खरं नाव. ॲम्प्लिफायर दुरुस्त करणारा हा माणूस किंग्स्टनच्या वॉटरहाऊस वस्तीतल्या घरी चार ट्रॅकच्या मिक्सिंग डेस्कवर बसून गाणं सोलून काढी : आवाज मध्येच गायब, ड्रम आणि बेस तेवढे उरलेले, आणि एखादा शब्द प्रतिध्वनीत विरत जाणारा. आज सर्वांत शुद्ध मानला जाणारा हा प्रकार पैसे वाचवण्याच्या गरजेतून वाढला, हे विसरता कामा नये.

लंडनमध्ये साऊंड सिस्टीम या शब्दाला वेगळा अर्थ आला. ड्यूक विन यांनी १९५५ मध्ये तिथे सिस्टीम सुरू केली. कृष्णवर्णीयांना अनेक क्लबांत प्रवेश नव्हता, म्हणून तळघरांत आणि घरांत नाच होत. इथे साऊंड सिस्टीम म्हणजे आसरा होता. तिथलेच सिस्टीम-चालक जाह शाका यांनी सत्तरच्या दशकापासून २०२३ मधल्या मृत्यूपर्यंत ही भावना जपली. एकच टर्नटेबल, रास्ताफारी या जमैकी धर्मपंथाच्या श्रद्धेची गाणी, रात्रभर. लोक तिथे प्रार्थनेला जावं तसे जात.

याच काळात रेगे जगभर विकलं जाऊ लागलं. १९७३ मध्ये आयलंड या ध्वनिमुद्रिका कंपनीनं बॉब मार्ली यांच्या वेलर्स गटाचा 'कॅच अ फायर' हा अल्बम काढला, तेव्हा किंग्स्टनच्या मुद्रणावर लंडनमध्ये रॉक गिटार आणि कीबोर्ड चढवले गेले. रॉक ऐकणाऱ्या गोऱ्या श्रोत्यांना ते रुचावं हा हेतू उघड होता. चढवण्याआधीचं रूप २००१ मध्ये बाहेर आलं. दोन्ही ऐकली तर मला जुनं अधिक भिडतं, पण नव्या रूपाशिवाय ते संगीत किती दूर पोचलं असतं, हा प्रश्नही टाळता येत नाही.

पैशाचा सर्वांत मोठा घोळ झाला तो रिदिमचा, म्हणजे ड्रम-बेसच्या त्या पायाचा, ज्यावर अनेकजण आपापली गाणी बांधतात. साठच्या दशकातले स्टुडिओ वनचे रिदिम इतरांनी सर्रास पुन्हा वाजवले आणि मूळ वादकांच्या हाती बहुधा काही पडलं नाही. स्वतंत्र जमैकाला आधुनिक कॉपीराइट कायदा मिळायला १९९३ उजाडलं. तोवर त्यातले कित्येक वादक म्हातारे झाले होते.

डबप्लेटही बदलली. मुळात ती मऊ ॲसिटेटची, एकाच सिस्टीमसाठी कापलेली आणि वाजवता वाजवता झिजणारी तबकडी. पुढे गायकाला पैसे देऊन गाण्यात आपल्या सिस्टीमचं नाव घालून घेण्याची 'स्पेशल'ची प्रथा रुजली आणि तिचेही दर ठरले. अंगणातली साऊंड क्लॅश, म्हणजे सिस्टीम-सिस्टीममधला सामना, मोठ्या सभागृहांत गेली. २०१६ मध्ये एका ऊर्जापेयाच्या कंपनीनं लंडनच्या ओ-टू अरीनात अशी क्लॅश भरवली. २०१८ मध्ये युनेस्कोनं जमैकाच्या रेगेला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं.

भारतात ही संस्कृती उशिरा आली. २००९ मध्ये दिल्लीत रेगे राजाज हा गट बनला आणि त्यांच्याच पुढाकारानं २०१६ पासून गोवा सनस्प्लॅश हा महोत्सव सुरू झाला. दिल्लीच्याच तरू दालमिया यांनी सहकाऱ्यांसह लोकवर्गणी जमवून साऊंड सिस्टीम बांधून घेतली, कारण त्यांना ती रस्त्यावर, लोकांच्या आंदोलनांत न्यायची होती.