चिंचेरोचा किरमिजी धागा

हातमागाच्या प्रदर्शनांत ‘नैसर्गिक रंग, केमिकल-फ्री’ अशी चिठ्ठी हमखास दिसते. रंग नैसर्गिक असेलही. परंतु रसायनाविना तो धाग्यावर टिकतो, हा समज चुकीचा आहे आणि पिढ्यान्‌पिढ्या हे रसायनशास्त्र हातांनी करत आलेल्या स्त्रियांवर तो अन्याय करणाराही आहे.

पेरूमधील कुस्कोजवळ, अँडीज पर्वतात ३,७०० मीटरहून अधिक उंचीवर असलेल्या चिंचेरो गावात क्वेचुआ या मूळनिवासी समाजाच्या स्त्रिया किसलेल्या मुळाच्या फेसात लोकर धुतात आणि ती टकळीवर कातून, रंगवून विणतात. मागाचे एक टोक खुंटीला व दुसरे विणणारीच्या कमरेला बांधलेले असते. ती मागे रेलली की ताणा घट्ट होतो, पुढे झुकली की सैलावतो.

त्यांचा लाल रंग फड्या निवडुंगावर जगणाऱ्या कोचिनील किड्याच्या मादीपासून मिळतो. (आपल्या ‘किरमिजी’ शब्दातही किडाच आहे, फारसी ‘किर्म’ आणि संस्कृत ‘कृमि’ ही एकाच मुळाची रूपे.) वाळलेला राखाडी दाणा पाट्यावर चिरडला की गडद लाल भुकटी होते, तिच्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा कार्मिनिक आम्ल असते. नुसत्या पाण्यात उकळून दिलेला हा रंग लोकरीला सैलच धरतो. म्हणून त्यात तुरटी घालतात. तुरटीतील तीन धनभारांचा ॲल्युमिनियम आयन एका बाजूने लोकरीच्या प्रथिनातील आम्लगटांना आणि दुसऱ्या बाजूने कार्मिनिक आम्लातील ऑक्सिजन अणूंना बांधून घेतो, आणि हा दुवा धुण्याने सहजी तुटत नाही. सुताच्या सेल्युलोजमध्ये असे आम्लगट जवळजवळ नसल्याने सुती कापडावर हाच रंग चढवणे अवघड जाते.

या भुकटीचा लाल लेप तळहातावर घेऊन त्यावर लिंबू पिळले, की तो क्षणात नारिंगी होतो, आणि अल्कली (आम्लाच्या उलट गुणाचा पदार्थ) मिसळल्यास जांभळा. अल्कलीत रेणूतील हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या) हायड्रोजन आयन सोडतात, त्यामुळे इलेक्ट्रॉन रेणूभर अधिक पसरतात आणि शोषला जाणारा प्रकाश निळ्याकडून हिरव्याकडे सरकतो. उरलेला प्रकाश आपल्याला जांभळा दिसतो. हळदीचा डाग साबण लागताच लाल होतो, तो याच कारणाने. हळद आणि चुन्याच्या निवळीतून ‘रक्त’ काढून दाखवणारे भोंदू बाबा हीच अभिक्रिया करणीचा पुरावा म्हणून लोकांच्या गळी उतरवतात. चिंचेरोच्या स्त्रिया तिच्यातून एकाच किड्यापासून नारिंगी, लाल आणि जांभळ्या अशा वेगवेगळ्या लड्या तयार करतात.