तळघराच्या भिंतींची गळती

जमिनीखालच्या भिंतींतून पाणी किंवा ओल आत उतरणे आणि तिचे निवारण, हा बांधकामशास्त्रातील जुना प्रश्न आहे. छपराची गळती बहुधा पावसाबरोबर थांबते. तळघराची भिंत मात्र एका अंगाने कायम मातीला टेकलेली असते, त्यामुळे पाऊस ओसरल्यावरही मुरलेले पाणी कित्येक दिवस पाझरत राहते.

माती पाण्याने संपृक्त झाली की भिंतीवर जलस्थितिक दाब, म्हणजे साचलेल्या पाण्याच्या वजनाचा दाब, येतो. पाण्याच्या दर मीटर खोलीमागे तो चौरस मीटरला सुमारे ९.८ किलोन्यूटन, म्हणजे जवळजवळ एक टन इतका वाढतो. तो सर्वाधिक असतो भिंतीच्या पायथ्याशी, आणि नेमका तिथेच भिंत व तळाची लादी यांचा सांधा असतो. त्याखेरीज आकुंचनाच्या भेगा, नळ नेण्यासाठी पाडलेली भोके आणि काँक्रीट ओतण्यात खंड पडल्याने राहिलेले सांधे या पाण्याच्या नेहमीच्या वाटा. पायाभोवतीचा भराव मूळ जमिनीपेक्षा सैल असल्याने छपरावरचे पाणीही तिथेच उतरते.

यापेक्षा वादाचा भाग केशाकर्षणाचा, म्हणजे बारीक रंध्रांतून पाणी आपोआप वर चढण्याचा. इंग्रज शास्त्रज्ञ जेम्स ज्युरिन यांनी १७१८ मध्ये मांडलेल्या नियमानुसार नलिका जितकी बारीक तितके पाणी उंच चढते, ०.०१ मिमी. त्रिज्येच्या रंध्रात ही उंची सुमारे दीड मीटर भरते. यावरून भिंतीतील बरीचशी ओल जमिनीतून वर चढते असे मानले जाई. प्रत्यक्ष भिंतीत रंध्रे सलग नसतात, विटांमधले चुन्याचे वा सिमेंटचे थर वाटेत येतात आणि बाष्पीभवनही चालू असते. त्यामुळे अशा ओलीचे निदान गरजेपेक्षा जास्त वेळा केले जाते, असा आक्षेप काही इमारत-तपासनीसांनी घेतला आहे. तळघरापुरता तो सयुक्तिक वाटतो, कारण तिथे पाणी मुख्यतः बाजूने शिरते. भिंतीवर फुटणारा पांढरा लोणा मात्र दोन्ही प्रकारांत दिसतो. पाण्याबरोबर आलेले क्षार बाष्पीभवनाच्या जागी साठतात आणि गिलाव्याचे पोपडे सुटतात. हा लोणा पुष्कळदा बुरशी समजला जातो. पण तो बोटांत चुरडला की भुगा होतो आणि बहुतेक क्षार पाण्यात विरतात.

जलरोधनाचा इतिहास सांगताना मोहें-जो-दडो येथील महास्नानगृहाचा (इ. स. पू. सु. २५००) दाखला बहुधा दिला जातो. तेथील विटांच्या भिंतीमागे सुमारे २.५ सेंमी. जाडीचा डांबराचा थर आढळला. मात्र तिथे पाणी आत राखायचे होते, बाहेर अडवायचे नव्हते. व्हिट्रूव्हिअस या रोमन वास्तुविशारदाने (इ. स. पू. पहिले शतक) ओल्या भिंतीच्या आत दुसरी पातळ भिंत बांधून मधल्या पोकळीतून पाणी काढून द्यावे आणि पोकळीला झरोके ठेवावेत, असे सुचवले. त्याचे विवेचन तळमजल्याच्या खोल्यांबद्दल आहे. तरीही आजच्या पोकळी-निचरा पद्धतीचे तत्त्व तेच असल्याने हा दाखला अधिक जवळचा मानावा. खडी भरलेल्या चरांची पद्धत अमेरिकन लेखक हेन्री फ्लॅग फ्रेंच यांच्या १८५९ च्या शेतनिचऱ्यावरील ग्रंथामुळे प्रसिद्ध झाली, पण तसे चर त्याआधीही खोदले जात.

उपायापूर्वी निदान हवे. भिंत पुसून ॲल्युमिनियमची पन्नी चारही कडांनी चिकटवून दिवसभर ठेवतात. खोलीच्या बाजूला दव जमले तर दोष हवेतील दमटपणाचा, मागच्या बाजूला जमले तर झिरपण्याचा.

बीएस ८१०२ या ब्रिटिश मानकात रक्षणाचे तीन प्रकार आहेत : भिंतीवर पटलाचा (पाणी न शिरू देणाऱ्या पातळ थराचा) अडथळा, मुळातच जलरोधक काँक्रीट आणि आतल्या पोकळीतून निचरा. पटल बाहेरून लावले तर पाण्याचा दाब त्याला भिंतीवर दाबून धरतो. आतून लावले तर तोच दाब त्याला ढकलून सोडवतो. आतून नुसता रंग फासून वर्षभरात पोपडे येतात ते म्हणूनच. पन्हळीचे पाणी दूर सोडणे आणि भोवतालच्या जमिनीला घरापासून उतार देणे हे सर्वांत स्वस्त काम. ते आधी करावे. वाहत्या भेगेत पाण्याशी संयोग होऊन फुगणारे पॉलियुरेथेन हे रसायन सोडतात. इपॉक्सी या घट्ट होणाऱ्या राळेला साधारणतः कोरडी भेग लागते, पण ही राळ भिंत सांधते. झटपट घट्ट होणारे सिमेंट भरायचे तर भेग तोंडाशी अरुंद व आत रुंद कोरावी, म्हणजे भरलेला गोळा दाबाने बाहेर येत नाही.

तळघर पाण्याने भरले असेल तर ते एकदम उपसू नये. बाहेरची माती संपृक्त असताना आतला प्रतिदाब नाहीसा झाल्यास भिंत आत कोसळू शकते. सुमारे ३० सेंमी. पाणी काढावे, पातळीची खूण करावी आणि दुसऱ्या दिवशी पाहावे. पातळी पुन्हा चढली असेल तर उपसा लांबवावा.