नार्व्हालचा सुळा आणि बाजरीतला अरगट, यामागची पार्श्वभूमी

सिन्नर, येवल्याकडे बाजरी फुलोऱ्यात असताना ढगाळ हवा आणि पावसाची रिपरिप लागून राहिली की कणसावर मधासारखा चिकटा येतो आणि मग दाण्याच्या जागी काळपट गाठी दिसतात, तोच अरगट. याच बुरशीची भावकी युरोपात राय नावाच्या धान्यावर वाढते, आणि तिची गोष्ट नार्व्हालच्या गोष्टीशेजारी ठेवून बघावी असं मला फार वाटतं, कारण दोन्ही औषध म्हणून वापरात होत्या.

नार्व्हाल म्हणजे ग्रीनलंड-कॅनडाच्या बर्फाळ समुद्रातला, देवमाशाच्या कुळातला चार-पाच मीटर लांबीचा प्राणी. नराचा पीळदार सुळा अडीच मीटरच्याही वर जातो. मध्ययुगात तो एकशिंगी घोड्याचं शिंग म्हणून विकायचे, विषावर उतारा म्हणून राजेरजवाडे त्यासाठी वाट्टेल तेवढे पैसे मोजायचे. १६३८ मध्ये ओले वर्म या डॅनिश डॉक्टरने दाखवून दिलं की हा नार्व्हालचा दात आहे. विषावर त्याचा गुण शून्य.

अरगटाला असा मान कुठला! रायच्या पिठातून तो गरिबांच्या पोटात जायचा, रक्तवाहिन्या आवळून हातपाय काळे पडायचे, अंगाची आग व्हायची, कुणाला झटके यायचे, आणि शेकडो वर्षं लोकांना कारणच कळलं नाही, याचं खरंच वाईट वाटतं. पण त्याने कळा वाढतात हे सुइणींना ठाऊक होतं, १५८२ च्या एका जर्मन ग्रंथात तशी नोंदही आहे. १८०८ मध्ये अमेरिकेत जॉन स्टर्न्स यांनी ते डॉक्टरांपुढे मांडलं, मात्र मात्रेचा नेम नसल्याने बाळं दगावायला लागली, म्हणून १८२४ मध्ये डेव्हिड होसॅक यांनी सांगितलं की फक्त बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवायलाच वापरा. १९३५ मध्ये त्यातलं अर्गोमेट्रीन वेगळं काढलं गेलं, आणि त्याच्याच जवळचं मिथाइलअर्गोमेट्रीन आजही बाळंतिणीचा रक्तस्राव थांबवायला देतात.

आपल्या बाजरीवरची जात वेगळी, तिने हातपाय झडत नाहीत, उलट्या, चक्कर, गुंगी येते. १९७५ मध्ये राजस्थानात अशी बाजरी खाऊन लोक आजारी पडले होते. म्हणून पेरणीआधी १० लिटर पाण्यात २ किलो मीठ विरघळवून बी त्यात टाकायचं, तरंगणाऱ्या गाठी आणि हलकं बी काढून जाळून टाकायचं, तळाचं बी साध्या पाण्याने दोन-तीनदा धुऊन सावलीत वाळवायचं.